खालचा दगड

ये हिरू, ये. अशी खुर्ची लांब ओढून बसू नकोस. इथे दिवाणावर जवळ बस, मला आता डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही. आणि आधी बोलणी खा, मुकाट्याने खा. मोठ्या बहिणीला सांगितल्याशिवाय माणूस बाजाराला जात नाही आणि तू तर कायमचा गेलास, तेही अकरा महिन्यांच्या अबोल्यानंतर. ही काय पद्धत झाली? अबोला मी धरला होता म्हणतोस? बरं, मी धरला होता. पण आपल्या घरात रुसवा नेहमी लहानाने काढायचा असतो, हे मी तुला नव्याने सांगायचं का?

दाराला घंटा आहे, पण ती तू कधी वाजवली नाहीस. दोह्यातल्या फरीज बिन ओमरानमधल्या ह्या तिसऱ्या मजल्यावर सहा वर्षं तू दर शुक्रवारी यायचास आणि दाराशेजारच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी वाजवायचास. तीनदा, ठक ठक ठक. माझी सून नेहा सुरुवातीला घाबरायची. मग तूच तिला सांगितलंस की गवंड्याच्या हाताला खोड असते, भिंत दिसली की ती पोकळ आहे की भरीव हे वाजवून बघायचं. "तुमची पोकळ आहे गं पोरी, जोरात शिंकू नका." ती हसून हसून दुमडली होती. मला ताई कधी म्हणाला नाहीस, आपल्या गावच्या रीतीने बाय म्हणायचास. आता बाय म्हणणारं कोणी उरलं नाही.

मला तुला एक गोष्ट सांगायची होती. एकच. आबांचा पाय माझ्यामुळे गेला, हिरू, तुझ्यामुळे नाही. बघ, म्हणायला एक श्वास पुरतो. मला बावन्न वर्षं लागली.

गावातल्या पोर्तुगीजांच्या कोटाची समुद्राकडची भिंत तेव्हाच अर्धी पडलेली होती. भरतीला लाट त्या भिंतीवर अशी आदळायची की आपल्या घरातली मांडणीवरची भांडी हलायची. वाड्यांमधून तो कोट मधेमधे डोकं वर काढायचा, आणि गावातल्या कुठल्याही घराचं जोतं बघ, त्यात कोटाचा एकतरी घडीव चिरा असायचाच. कोणाला ती चोरी वाटत नव्हती. समुद्र पाडणारच आहे, त्यापेक्षा आपण नेलेला बरा, असं आबाच म्हणायचे. आपल्या पडवीच्या जोत्याला चार चिरे कमी पडत होते. मी नऊ वर्षांची, तू सात. आबा पहार घेऊन भिंतीच्या पायाशी वाकले होते. तुला त्यांनी शेजारच्या ढिगाऱ्यावर चढवलं होतं, माथ्यावरचे सुटे दगड एकेक करून खाली टाक म्हणून. मला काही काम दिलं नाही. पोरीने टोपली धरून उभं राहायचं. मला राग आला. गुडघ्याच्या उंचीला एक चांगला चौकोनी चिरा हलताना दिसला. मी तो दोन्ही हातांनी धरला, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि ओढला. दुधाचा दात सुटावा तसा सुटला.

मग सगळं आलं. धुरळा बसला तेव्हा आबांचा उजवा पाय दगडांखाली होता आणि त्यांच्या तोंडातून बोकड कापताना येतो तसा आवाज येत होता. माणसं धावली. कोणी हात लावला होता, कोणी दगड ओढला, म्हणून ओरडायला लागली. मी म्हटलं, हिरूने. तुझ्या हातात वरचा एक दगड होताच. तू त्या दगडाकडे बघितलंस आणि मान हलवलीस. तुला खरंच वाटलं की तुझ्यामुळे झालं.

आबांचा पाय गुडघ्याखाली कापला. चार महिन्यांनी ते कुबडीवर उभे राहिले आणि ती कुबडी पहिल्यांदा त्यांनी चालायला वापरलीच नाही. भिंतीला टेकायचे, एका पायावर तोल सांभाळायचे आणि तुला मारायचे, दम लागेपर्यंत. तुझा खांदा निखळला होता तेव्हाही थांबले नाहीत. तुझा कान फाटला, तो वेडावाकडाच जुळला. आई मधे पडली की तिलाही तेवढेच. आणि मी स्वयंपाकघरात तांदळातले खडे निवडत बसायचे. आपल्या घरात तांदूळ कधीच इतके स्वच्छ नव्हते, हिरू. एक शब्द उच्चारला असता तर कुबडी माझ्याकडे वळली असती. मी नाही उच्चारला. सोळाव्या वर्षी तू पळालास, मुंबईत गवंड्यांच्या हाताखाली राहिलास, चुन्याच्या कामात तुझा हात बसला, आणि त्या हातावर इथे आलास. वीस वर्षं लोकांचे जुने बुरूज आणि भिंती सावरल्यास. आपल्या बापाने कोटाचे चिरे काढले आणि तू जन्मभर दुसऱ्यांच्या देशात ते परत बसवत राहिलास, असं मी माझ्या सुधीरला एकदा म्हटलंही. म्हटलं नाही ते एवढंच, की काढला कोणी.

मग ती सुधीरच्या ईशाच्या शाळेची भानगड आली. समुद्राकाठचा रेनेसाँच्या काळातला किल्ला, असा प्रोजेक्ट. इटलीतल्या कुठल्यातरी किल्ल्याची चित्रं छापून तिने सगळ्या टेबलावर पसरली होती. मी चष्मा लावून बघितलं आणि म्हटलं, अगं असला आपल्या गावात आहे, पोर्तुगीजांनी त्याच काळात बांधलेला, दारावर मुकुट कोरलेला, वाळूत तोफ पडलेली. ती म्हणाली, "इन युवर व्हिलेज, आजी?" जसं काही आपल्या गावात समुद्रसुद्धा असू शकत नाही. तू शेव खात बसला होतास. म्हणालास की गाव लांब राहिलं, तोवर इथला दाखवतो, यल्ला, चला, शुक्रवारी झुबाऱ्याच्या किल्ल्यावर जाऊ. त्याच क्षणी मी ठरवलं. समोर किल्ला असेल, बाजूला समुद्र असेल, तिथेच सांगून टाकायचं.

रस्ताभर तू काय हसवलंस. सुधीर गाडी चालवत होता, मांडीवर माझा चार पुडांचा स्टीलचा डबा, त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. नेहा वासाने काच खाली करत होती आणि तू दर वेळी ती वर करत होतास. किल्ला दिसला तेव्हा तू म्हणालास की हा आपल्या आजोबांच्या वयाचा, अजून दुधावरचा आहे, आपला कोट याचा खापरपणजोबा. ईशाने ते वहीत लिहून घेतलं. तिला खापरपणजोबा म्हणजे काय ते समजावताना तुझी बोटं संपली.

वारा मात्र पहिल्यापासून वाईट होता. उत्तरेकडून शमाल सुटला होता. वाळू तोंडावर मूठभर मारल्यासारखी यायची, माझा पदर दोनदा उडून गळ्याला आवळला गेला. किल्ल्यापासून समुद्राकडे त्या जुन्या गावाच्या उकरून काढलेल्या भिंती आहेत ना, तिथवर आपण चालत गेलो. तू खोडीप्रमाणे एका भिंतीवर वाजवायला हात उचललास, तर तिथल्या माणसाने लांबूनच बोट हलवलं. "खलास, खलास, शुक्रन," म्हणून तू हात खिशात घातलेस आणि मला म्हणालास की असल्या वीस भिंती मी उभ्या केल्यात आणि मलाच हात लावू देत नाहीत. मी हसले. मग श्वास घेतला. म्हटलं, "हिरू, आबांच्या पायाचं एक सांगायचं होतं."

एवढंच. तुझी नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

तू असा धावलास की मला तुझा धक्का लागला आणि मी गुडघ्यावर पडले. मान वळवून बघते तर तू ईशाला दंडाला धरून उचललं होतंस आणि तुझा हात वर गेला होता. चुना कालवून कालवून चामड्यासारखा झालेला हात. नऊ वर्षांची पोर, हिरू. पहिल्या थपडेला ती वाळूत कोसळली, तू तिला उभी केलीस आणि दुसरी मारलीस. तिच्या नाकातून रक्त आलं ते वाऱ्याने तिच्याच गालावर पसरलं. तिला किंचाळायलाही सुचलं नाही. सुधीरने येऊन तुझी कॉलर धरली आणि ज्या मामाच्या खांद्यावर बसून तो जत्रेला गेला होता त्या मामाच्या तोंडावर ठोसा मारला. तू परत मारलं नाहीस. हात खाली सोडून उभा राहिलास, अगदी तसाच, जसा आबांपुढे उभा राहायचास. आणि मी काय केलं? मला तो सात वर्षांचा पोरगा दिसला नाही. मला कुबडी दिसली. मी हातातला डबा कडीला धरून गरगर फिरवला आणि तुझ्या तोंडावर हाणला. भाकऱ्या उडाल्या. तुझी भुवई फुटली, रक्ताने डोळा भरला. आणि मी ओरडले, सगळ्या वाळवंटाने ऐकावं असं.

"आबा मेलेच नाहीत. तुझ्यात बसलेत."

बाहीने डोळा पुसत तू माझ्याकडे बघितलंस. "बाय," म्हणालास, "भिंत बघ."

मी नाही बघितली. मी पोरीला छातीशी धरून पाठ फिरवली. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढं दिसलं, की तू खाली वाकलास, तळहाताने काहीतरी आत रेटलंस, पेरांनी वाजवलंस आणि समुद्राकडे चालू लागलास. ओहोटी लागलेली होती, तू पार चिखलात गेलास आणि तोंड धुवायला ओणवा झालास. सुधीरने गाडी चालू केली. नेहा म्हणाली, "मामांना असं टाकून जायचं का?" माझ्या सख्ख्या भावाला त्या वाऱ्यात, रक्ताळलेल्या तोंडाने, दोह्यापासून तासाभराच्या वाटेवर टाकून मी निघून आले आणि घरी येऊन डबा घासला. त्याच्या एका पुडाला पोचा आला होता. तो अजून आहे.

तू त्यानंतर तीनदा आलास. मला माहीत आहे. तीन शुक्रवार त्याच वेळेला भिंतीवर ठक ठक ठक झालं आणि तीनही वेळा मी नेहाला हाताने खूण करून थांबवलं. चौथ्या शुक्रवारी काही वाजलं नाही. मला वाटलं, हरला. खरं सांगते, मला बरंही वाटलं. माझं सांगायचं राहिलेलं आता सांगावं लागणार नव्हतं. रागाच्या आड किती छान लपता येतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि गेल्या महिन्यात फोन आला. दुपारच्या सुट्टीत तू सावलीच्या भिंतीला पाठ लावून बसलास, पाणी प्यायलास आणि उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. इस्पितळात मला दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी चादर फक्त गळ्यापर्यंत खाली केली. वेडावाकडा कान आणि त्याच बाजूची भुवई, मधून दुभंगलेली. टाके घातले नव्हतेस. एक खूण बापाची आणि एक माझी, दोन्ही शेजारीशेजारी. मी बोटाने ती भुवई जुळवून बघत राहिले. सुधीर तुला घेऊन गावी गेला. माझा पासपोर्ट नेमका बदलून घ्यायला दिलेला होता, म्हणून मी राहिले. तुझ्या शालिनीला फोनवर मी फक्त रडून दाखवलं.

सुधीर परतल्यावरच्या शुक्रवारी तुझी माणसं आली. बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीतून, एकाच गाडीत दाटीवाटीने सहाजण. इस्त्रीचे शर्ट, हातात केळी आणि संत्र्यांची पिशवी, सोफ्याच्या कडेवर असे टेकले की जणू सोफा मोडेल. मी चहा दिला. त्यांच्यात एक बीडकडचा लक्ष्मण, तुझ्या खोलीतला. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी कपातला चहा तसाच ठेवून त्याने विचारलं.

"खालचा दगड काढणारी बाय, ती तुम्हीच का?"

माझ्या हातातला ट्रे कोणीतरी काढून घेतला.

मग त्याने सांगितलं. तुझ्या हाताखाली नवा माणूस आला की पहिल्या दिवशी तू त्याला पडक्या भिंतीसमोर उभा करायचास आणि हीच गोष्ट सांगायचास. बाप पायथ्याशी, आपण ढिगाऱ्यावर, बहीण टोपली घेऊन. वरचा दगड काढला तर एकच दगड निघतो, भिंत जागची हलत नाही. खालचा काढला तर सगळी भिंत अंगावर येते. माझ्या बायने खालचा काढला, बापाचा पाय गेला. लक्ष्मण म्हणाला, "मिस्त्रीला एकानं इचारलं, मग मार तुम्ही का खाल्ला? तर म्हनले, तवा मलाबी वाटायचं मीच पाडली. मुंबईला काम शिकलो तवा कळलं, वरच्या दगडानं भिंत पडत न्हाई."

मुंबईला. म्हणजे तू अठरा-एकोणीस वर्षांचा असशील. तेव्हापासून तुला माहीत होतं. माझ्या लग्नात तू पाट उचललास तेव्हा माहीत होतं. दर भाऊबीजेला ताटात ओवाळणी घातलीस तेव्हा माहीत होतं. सहा वर्षं इथे बसून माझ्या हातची भाकरी खाल्लीस, तेव्हा प्रत्येक घासाला माहीत होतं.

आणि त्या मेल्याने पुढचंही सांगितलं. त्या दिवशी तू मालाच्या ट्रकमध्ये बसून परत आलास, भुवई सुजून डोळा बंद झालेला. काय झालं विचारलं तर म्हणालास, "बायची नात डिट्टो बाय. दोन्ही पाय भिंतीला लावून खालचाच दगड ओढत होती. हात उठला माझा. उठायला नको होता." एवढंच बोललास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास.

माणसं गेली. मी दार लावलं, तुझ्या नावाने ठेवलेला कप उचलला आणि त्या पोकळ भिंतीवर फोडला. मग बशी. मग सुधीरचा कप. इतका राग मला आबांचाही कधी आला नव्हता. तुला माहीत होतं तर का नाही बोललास? ओरडायचं होतंस. माझ्या लग्नात भर मांडवात सांगायचं होतंस. सहा परक्या माणसांना माझी गोष्ट माहीत आणि मला माहीत नाही की ती त्यांना माहीत आहे. तू मला मारलं असतंस तरी चाललं असतं, हिरू. दोन थपडा माझ्या होत्या, त्या पोरीला का दिल्यास?

पोरीला मारलंस ते चूकच. ते मी अजून म्हणते, आणि तूही म्हणालास. त्या भांडणात मी हार मानणार नाही. पण ती भिंत मी आता रोज बघते. डोळे मिटले की दिसते, पोरीच्या कपाळाच्या वर हातभर, एकावर एक नुसते ठेवलेले दगड. तुझा हात दोन क्षण उशिरा पोचला असता तर ईशाच्या नाकातून रक्त येऊन भागलं नसतं. मी बाई, भावाचा हात बघत बसले.

काचा गोळा करायला ईशाच आली. मी तिला तिथेच फरशीवर बसवून सगळं सांगितलं, आपल्या भाषेत, काही न गाळता. ती मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते, तुला ठाऊक आहे. म्हणाली, "सो ही वॉज स्केअर्ड?" मी म्हटलं, हो, घाबरला होता. "अँड यू लाइड?" मी म्हटलं, हो. तिने केरसुणी माझ्या हातातून घेतली. सुधीरलाही सांगितलं. तो ऐकून उठला. खाली जाऊन गाडीत तासभर बसला, काच बंद करून. काल शालिनीला फोन केला आणि रडण्याआधी बोलले. ती म्हणाली, "वन्सं, गावात पण सांगा. तिथं अजून ह्यांचंच नाव घेतात." सांगणार आहे. पासपोर्ट आला की पहिलं तिकीट तिकडचं. कोटाच्या भिंतीपाशी उभी राहून सांगेन, आबा जिथे पडले तिथे, ऐकायला जे कोणी असेल त्याला.

पण त्याआधी तू येऊन जा. मार खायची माझी तयारी आहे, बोलणी खायचीही आहे, आणि तू नेहमीसारखा नुसता हसलास तर त्याचीही करते. शेरी मासा आणून साफ करून ठेवलाय, तू म्हणायचास तसं कोकमाचं आगळ घालून करीन, बांगड्याची सर त्याला नाही हे मान्य. भाकऱ्या त्याच पोचा आलेल्या डब्यात ठेवते, चिडव हवं तितकं. ईशाने प्रोजेक्टच्या वहीत तुझ्यासाठी एक पान कोरं सोडलंय, तिला विचारायचंय की पडकी भिंत उतरवताना पहिला हात कुठे घालायचा. मी सांगितलं तिला, पण तिला ते तुझ्याकडून हवंय.

तेव्हा लवकर ये, हिरू. येत्या शुक्रवारीच ये. घंटा नको, भिंतीवरच वाजव. या वेळेला मी नेहाला थांबवणार नाही, पहिल्याच ठोक्याला मीच उठेन.